नखं लावण्याआधी काढायचं विचारा

लग्नसराई जवळ आली की नेल स्टुडिओत वेळ मिळणं मुश्कील होतं. कशीबशी वेळ मिळालीच, तर काउंटरवरचं दरपत्रक गोंधळात टाकतं: ॲक्रिलिक, हार्ड जेल, सॉफ्ट जेल एक्सटेन्शन, डिप पावडर, प्रेस-ऑन. कोणतं घेऊ, असं विचारलं की किती दिवस टिकेल आणि किती लांब करता येईल, एवढंच बहुतेक वेळा सांगितलं जातं. उतरवताना काय करणार, हे कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. घासून किंवा ओरबाडून ते एकदा पातळ झालं, की मुळापासून टोकापर्यंत धड नख यायला सहा महिने जातात.

ॲक्रिलिक यातलं जुनंजाणतं. त्याचं मूळ दंतवैद्याच्या दवाखान्यात आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतले दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांनी तुटलेल्या नखावर दातांसाठीचं ॲक्रिलिक लावून पाहिलं आणि तिथून ही वाट सुरू झाली, असं सांगतात. आजही पद्धत हातकौशल्याचीच आहे. ब्रश द्रवात बुडवायचा, त्याचं टोक पावडरीला टेकवायचं. टोकावर ओलसर मण्याएवढा गोळा जमतो. तो नखावर ठेवून ब्रशनेच थापायचा, क्युटिकलपाशी पातळ आणि मध्ये जाड. दिव्याची गरज नसते, काही मिनिटांत तो आपोआप घट्ट होतो. हात बसलेला नसेल तर गोळा ओघळून कातडीवर जातो आणि पुढे नख तिथूनच सुटायला लागतं.

इथे स्वस्ताईचा मोह महागात पडतो. चांगल्या द्रवात इथाइल मेथाक्रिलेट असतं. त्याचा स्वस्त भाऊबंद म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट. त्याने नखं वेडीवाकडी झाल्याच्या आणि त्वचेला त्रास झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७०च्या दशकातच निव्वळ मिथाइल मेथाक्रिलेटच्या उत्पादनांवर कारवाई केली होती. ते इतकं कडक होतं की बोट कुठे अडकलं, तर कृत्रिम नख मोडण्याऐवजी खालचं खरं नखच फाटतं. ॲसिटोनमध्येही ते सहजी विरघळत नाही. लेबल नसलेली बाटली आणि डोक्यात जाणारा उग्र वास, दोन्ही एकत्र आढळलं तर उठून निघालेलं बरं.

जेलही त्याच रासायनिक कुळातलं, फक्त ते दिव्याखाली घट्ट होतं. नुसतं ‘जेल करा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला अनेकदा तीन वेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही मिळू शकते. जेल पॉलिश म्हणजे स्वतःच्या नखावरचा रंग, लांबी वाढत नाही. सॉफ्ट जेल एक्सटेन्शनमध्ये पूर्ण नखभर तयार टिप चिकटवतात आणि ती ॲसिटोनने सुटते. हार्ड जेल मजबूत, पण ॲसिटोनला दाद देत नाही. ते फाइलने किंवा मशीनने घासूनच काढावं लागतं. म्हणजे उतरवताना सगळी भिस्त मशीन धरणाऱ्या हातावर. दिव्याखाली अचानक चटका बसला तर तो सोसत बसू नये. थर जाड झाला की जेल घट्ट होताना निघणारी उष्णता नखाला भाजते. हात लगेच बाहेर काढायचा आणि पातळ थर लावायला सांगायचं.

दिव्याबद्दलची भीतीही नीट समजून घ्यायला हवी. २०२३मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या संशोधनात प्रयोगशाळेतल्या पेशींवर अशा यंत्रातला अतिनील प्रकाश सलग २० मिनिटं टाकला, तेव्हा २० ते ३० टक्के पेशी मेल्या. बशीतल्या पेशी आणि हाताची कातडी यांत फरक आहे, एका बैठकीतला वेळही सहसा इतका नसतो. तरीही दर दोन-तीन आठवड्यांनी जाणाऱ्यांनी आधी हाताला सनस्क्रीन लावावं किंवा बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे घालावेत, हा त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला सहज पाळता येण्याजोगा आहे. जेल घट्ट व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. त्यामुळे बाटलीवर टीपीओ-फ्री लिहिलंय का, हे इथेही विचारावं.

डिप पावडरीत दिवा नसतो; सुपरग्लूच्या जातीचा द्रव आणि त्यावर पावडर. मात्र सगळ्यांची बोटं एकाच डबीत बुडवत असतील तर नको म्हणावं. पावडर चमच्याने वरून घालता येते.

आता उतरवण्याकडे. हार्ड जेल सोडलं तर योग्य पद्धत कंटाळवाणी आहे: वरचा थर थोडा घासायचा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून बोटाला फॉइल गुंडाळायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मऊ झालेला थर लाकडी काडीने हलकेच सरकवायचा. नाही सरकला तर पुन्हा फॉइल. घाईच्या पार्लरमध्ये मात्र नखाच्या कडेखाली टोकदार काहीतरी घुसवून ते उचकटतात, आणि त्यासोबत खऱ्या नखाचे वरचे पापुद्रे निघून येतात. मग पांढरे खरखरीत डाग दिसतात, नख कागदासारखं वाकतं, गरम पाण्याने झोंबतं. दोष बहुधा ॲक्रिलिकला दिला जातो. तो या घाईचा असतो.

कृत्रिम नख सुटायला लागलं की फटीत पाणी साचतं आणि सूडोमोनास नावाच्या जिवाणूंमुळे हिरवा डाग पडतो. त्यावर नवा थर चढवणं हा मोठा गाढवपणा. कृत्रिम नख काढून खरं नख कोरडं ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

त्याहून चिकट दुखणं ॲलर्जीचं. जेलमधला हेमा नावाचा घटक न सुकलेल्या अवस्थेत कातडीला लागत राहिला तर बोटं खाजतात, सोलवटतात, कधी पापण्याही सुजतात. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते आणि याच कुळातलं द्रव्य दातांच्या फिलिंगमध्ये व सांधेरोपणाच्या सिमेंटमध्येही असतं. म्हणून युरोपात २०२१पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठी ठेवली आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या घरगुती किटमध्ये जेल एका कंपनीचं आणि दिवा दुसरीचा, असं असलं की थर आत कच्चा राहतो आणि धोका वाढतो.

मग घ्यावं काय? हळदीपासून रिसेप्शनपर्यंतच्या चार दिवसांसाठी चांगल्या मापाची प्रेस-ऑन नखं पुरतात, तीही गोंदाऐवजी चिकट पट्टीने लावलेली. हळदीला फिक्या रंगाची जेल नखं पिवळी पडतात. प्रेस-ऑन असली तर ती हळदीनंतर लावता येतात. रोज कणीक मळणाऱ्या हाताला आखूड सॉफ्ट जेल पुरे. नख जितकं लांब, तितका मुळाशी ताण जास्त. सतत तुटणाऱ्या नखांना लांबी हवीच असेल तर ॲक्रिलिक, पण हात बसलेल्या कारागिराकडूनच. रुग्णांची थेट शुश्रूषा करणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावूच नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर नखं आधीच उतरवून जावं, कारण बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या मोजणीत ती अडथळा आणू शकतात.

पार्लर निवडताना टेबलाकडेही पाहावं. धूळ ओढून घेणारा पंखा आणि उघडी खिडकी गिऱ्हाइकाच्या तासाभरासाठी हवेतच, पण तिथे दिवसभर ती भुकटी आणि वाफ छातीत घेणाऱ्या मुलींना त्यांची जास्त गरज आहे. पार्लर निवडण्याचा हक्क गिऱ्हाइकाकडे असतो, तेव्हा पंखा नसेल तर तो बसवा असं मालकाला त्यानेच सांगावं.