शर्यत सिम्युलेटरमध्ये फेरारी एफ४० चालविणे

फेरारी एफ४० ही इटलीतील फेरारी कंपनीने १९८७ ते १९९२ या काळात तयार केलेली, दोन टर्बोचार्जर असलेली सुपरकार आहे. असेत्तो कोर्सा या शर्यत सिम्युलेटरमध्ये तिचे संगणकीय प्रतिरूप उपलब्ध आहे. ॲक्सिलरेटर दाबणे आणि इंजिनाची पूर्ण शक्ती मिळणे यांत जाणारा वेळ ही मोटार चालविण्यातील मुख्य अडचण आहे. हा वेळ आधीच हिशेबात घेणे हेच ती चालविण्याचे कौशल्य होय.

मोटारीची वैशिष्ट्ये

फेरारीच्या मोटार-निर्मितीला ४० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त एफ४० सादर करण्यात आली. संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत सादर झालेली ही कंपनीची शेवटची नवी मोटार होती. त्यांचे १९८८ मध्ये निधन झाले. चालकाच्या मागे बसविलेले २,९३६ घनसेंमी क्षमतेचे आठ सिलिंडरचे इंजिन ४७८ अश्वशक्ती निर्माण करते. द्रव पदार्थ वगळता मोटारीचे वजन सुमारे १,१०० किलोग्रॅम असून कमाल वेग ताशी सुमारे ३२४ किलोमीटर आहे. पॉवर स्टिअरिंग, चाके जखडू न देणारी ब्रेक प्रणाली किंवा चाकांची घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात नाही. चालकाची चूक सावरणारे कोणतेही साधन नसल्याने तिचे परिणाम थेट चाकांवर दिसतात.

टर्बो विलंब

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंवर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये पाठवते. अधिक हवेमुळे अधिक इंधन जाळता येते व शक्ती वाढते. मात्र इंजिनाचे फेरे कमी असताना वायूंचा प्रवाह क्षीण असतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रवाह वाढणे, चक्राने वेग घेणे आणि हवेचा दाब तयार होणे यांस वेळ लागतो. यालाच टर्बो विलंब म्हणतात. दाब नसताना एफ४०चे इंजिन मवाळ वाटते. दाब येताच शक्ती एकदम वाढते.

या विलंबाचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. विलंब अर्धा सेकंद धरला, तरी पाय दाबल्यापासून शक्ती मिळेपर्यंत ती सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते. वळणावर एवढ्या अंतरात परिस्थिती पूर्ण बदलू शकते.

सिम्युलेटरमधील प्रतिरूप

असेत्तो कोर्सा हे कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचे सिम्युलेटर २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यात टर्बोचे वर्तन आकड्यांनी मांडलेले असते: दाब चढण्यास व ओसरण्यास लागणारा वेळ, कमाल दाब आणि तो ज्या फेऱ्यांशी निगडित आहे ते फेरे. टायरची पकड, वजनाचे स्थलांतर व इंजिनाची शक्ती यांचे गणित सतत केले जाते आणि त्याचा परिणाम स्टिअरिंगच्या मोटरद्वारे चालकाच्या हाताला जाणवतो. मोंझा, मुजेल्लो यांसारखी सर्किटे लेझर मोजणीवरून तयार केल्याने रस्त्याचे बारीक उंचवटेही त्यात उतरले आहेत.

चालविण्याचे तंत्र

वळणाआधी मोटार सरळ असतानाच जोरात ब्रेक लावावा लागतो. चाके जखडल्यास दाब किंचित कमी करावा. खालचा गियर टाकताना क्लच दाबून ॲक्सिलरेटरला हलका झटका दिला जातो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत. वळणाच्या मध्याच्या थोडे आधीच ॲक्सिलरेटर हळूहळू दाबण्यास सुरुवात केली जाते. स्टिअरिंग सरळ होऊ लागेल तेव्हा दाब यावा, हा त्यामागचा हेतू असतो.

नवशिका चालक शक्ती येत नाही म्हणून ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. मग वळणाच्या मध्यातच दाब येतो आणि मागची चाके सुटतात. घाबरून पाय एकदम काढल्यास वजन पुढे सरकते, मागची पकड आणखी घटते व मोटार गरकन फिरते. अशा वेळी पाय थोडाच सैल करून स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने वळवावे लागते. एक गियर वरचा ठेवल्यास चाकांवर येणारा जोर सौम्य होतो.

मर्यादा

स्थिर आसनावर बसलेल्या चालकाला शरीरावर येणारा जोर जाणवत नाही. घसरण सुरू झाल्याचे त्याला दृश्य, आवाज व स्टिअरिंग यांवरूनच ओळखावे लागते. भीतीचाही अभाव असतो. त्यामुळे सिम्युलेटरमधील सफाई म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावरील कौशल्य नव्हे.

भारतीय संदर्भ

जुनी मोटार आयात करण्याच्या भारतातील सर्वसाधारण अटींनुसार ती तीन वर्षांहून जुनी नसावी व तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे. एफ४० मात्र डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसह विकली गेली. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर व ग्रेटर नोएडा येथील शर्यत सर्किटेही महाराष्ट्राबाहेर आहेत. त्यामुळे परभणीसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला अशा मोटारीचे वर्तन अनुभवण्याचा व्यवहार्य मार्ग सिम्युलेटर हाच आहे. तत्त्व मात्र परके नाही: टर्बो असलेल्या डिझेल जीप किंवा मालमोटारीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर थांबून येणारा जोर याच कारणाने येतो.