पालाश : पिकाचा आणि प्रकृतीचा

नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकांची तीन प्रमुख पोषकद्रव्ये शेतकऱ्याच्या परिचयाची आहेत. त्यांपैकी पालाश, म्हणजेच पोटॅशियम, माणसालाही तितकेच आवश्यक आहे. सर हम्फ्री डेव्ही यांनी 1807 साली हे मूलद्रव्य प्रथम वेगळे केले. शरीरातील त्याचे कार्य मात्र पुष्कळ उशिरा उलगडले.

शरीरातील सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशीच्या आवरणातील यंत्रणा सोडियमचे तीन कण बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते. ही यंत्रणा 1957 साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी दाखवून दिली. मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचा ठोका या देवघेवीवर अवलंबून असतात. शिवाय पुरेसे पोटॅशियम मिळाले, की मूत्रपिंडे जादा सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तदाबाला आळा बसतो.

प्रौढ माणसाला रोज निदान साडेतीन ग्रॅम पोटॅशियम मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेचा ज्यात सहभाग होता, त्या 'प्युअर' पाहणीचा एक अहवाल 2014 साली प्रसिद्ध झाला. सतरा देशांतील एक लाखाहून अधिक लोकांच्या मूत्रतपासणीवर तो आधारलेला होता. आहारात पोटॅशियम अधिक असणाऱ्यांत हृदयविकार व मृत्यू यांचे प्रमाण कमी आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दिशा मात्र कळते.

हे साडेतीन ग्रॅम मिळवण्यासाठी औषधाच्या दुकानात जाण्याचे कारण नाही. बंगळूरकडच्या जेवणातील नाचणीच्या उंड्यात, म्हणजे रागी मुद्देत, पांढऱ्या तांदळाच्या जवळजवळ चौपट पोटॅशियम असते, अर्थात पीठ आणि तांदूळ समान वजनाचे धरून. मद्दूरहून त्या शहरात येणाऱ्या शहाळ्यांपैकी एका मोठ्या शहाळ्याचे पाणी सुमारे अर्धा ग्रॅम पोटॅशियम पुरवते. डाळी, पालेभाज्या, केळी, रताळी यांनी उरलेली भर पडते.

परंतु जे एकाला पथ्य, तेच दुसऱ्याला अपायकारक ठरते. जादा पोटॅशियम मुख्यत्वे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती दुर्बल झाली, की ते रक्तात साचते. पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता साचते, आणि हृदयाची लय बिघडून ते एकाएकी थांबूही शकते. रक्तदाबावरील काही औषधांनीही ही पातळी वाढते. म्हणून पोटॅशियमची गोळी वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. जुलाबांनी वा मूत्रल औषधांनी पोटॅशियम घटले असता ती उपकारक ठरते, पण रक्ततपासणीनंतरच.

हाच विवेक 'कमी सोडियमच्या' मिठाबाबत हवा. चीनमधील सहाशे खेड्यांत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटल्याचे 2021 साली दिसून आले. तथापि त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. म्हणून 2025 सालच्या आपल्या शिफारशीतून जागतिक आरोग्य संघटनेने मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया व मुले यांना वगळले आहे. सारे कुटुंब एकाच बरणीतले मीठ खाते. तेव्हा मिठाची पुडी बदलण्यापूर्वी घरातील सर्वांत दुर्बल मूत्रपिंडाचा विचार करणे हेच शहाणपणाचे होय.