संगणकाचे छोटे काम : मागणीपासून देखभालीपर्यंत

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा काशीमीऱ्याचा नाका आपल्या बहुतेक व्यापारी वाचकांना परिचित आहे. नाक्याच्या आजूबाजूला गाळे, गोदामे आणि गॅरेजेस आहेत. पश्चिमेला मीरा रोडची बाजारपेठ आणि नया नगर आहे, तर पुढे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. या पट्ट्यात बिल संगणकावर करणे आता नवलाईचे राहिलेले नाही.

तरीसुद्धा एक तक्रार वारंवार कानी येते. संगणक आणला, सॉफ्टवेअर घेतले, पैसेही चुकते केले. पण चार महिन्यांत लाल वही पुन्हा गल्ल्यावर आली. ज्याने संगणक लावून दिला तो फोन उचलत नाही. पासवर्ड त्यालाच ठाऊक. मागच्या वर्षाचा हिशेब आत अडकलेला, आणि कर सल्लागार तर कागद मागतो आहे.

अशा वेळी लोक यंत्राला दोष देतात. आमच्या मते बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. काम सुरू करून देणारे पुष्कळ आहेत, ते तडीस नेणारे थोडे आहेत. म्हणून हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, जो व्यापारी किंवा कारखानदार असे काम करवून घेतो तो. आणि दुसरा, मोबाइल किंवा संगणक दुरुस्तीच्या दुकानात बसणारा होतकरू तरुण, ज्याला हे काम शिकून आपला रोजगार वाढवता येईल.

छोटा प्रकल्प कशाला म्हणावे?

एका दुकानाचे बिलिंग, एका कारखान्याचा माल आणि कारागिरांचा हिशेब, एखाद्या शिकवणी वर्गाची फी-नोंद, गोदामातील कॅमेरे आणि नेटवर्क, हे सर्व छोटे प्रकल्पच आहेत. त्यांना सुरुवात असते, मुदत असते, ठरलेला खर्च असतो आणि एक धनी असतो.

मोठ्या कंपन्यांत प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा माणूस नेमतात आणि त्याची शास्त्रेही बनली आहेत. ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने १९८० च्या दशकात संगणक सेवेच्या देखभालीचे नियम एकत्र केले, ते आयटीआयएल या नावाने जगभर गेले. प्रकल्प चालवण्याची प्रिन्स-टू ही पद्धतही त्याच विभागाने १९९६ मध्ये पुढे आणली. छोट्या कामात ही सारी माणसे एकाच माणसात असावी लागतात. त्यासाठी जाड पुस्तके लागत नाहीत. एक वही, थोडी शिस्त आणि शेवटपर्यंत थांबण्याची तयारी एवढे पुरते.

उदाहरणासाठी आपण एक तयार कपड्यांचा कारखाना घेऊ. कटिंग मास्तर, शिलाईचे कारागीर, काज-बटण, इस्त्री आणि पुढे माल विकण्याचा काउंटर. मालकाला वाटते की सर्व हिशेब संगणकावर यावा.

पहिला टप्पा : आधी बसून पाहा

नवशिका तरुण येथेच घाई करतो आणि पहिल्या भेटीतच कोणते सॉफ्टवेअर घ्यावे ते सांगून मोकळा होतो. त्याऐवजी दोन दिवस कारखान्यात बसावे. बिलबुक, चलन, खतावणी, कारागिरांची डायरी, हे सारे कागद मागून घ्यावेत. कोणता कागद कोण लिहितो, कोणाकडे जातो आणि कोठे अडतो, हे पाहावे.

असे बसले की दोन गोष्टी हमखास दिसतात. पहिली मालाची. मालक सांगतो, 'आपल्याकडे दहा डिझाइन आहेत.' पण एका डिझाइनचे चार साइज आणि तीन रंग असले तर ते बारा वेगळे माल झाले. दहा डिझाइनचे एकशेवीस. हे आधी कळले नाही तर साठ्याचा मेळ कधीच बसत नाही. दुसरी गोष्ट मजुरीची. कारागिराला मजुरी नगावर मिळते, आणि तो मधूनमधून उचल घेतो. ती उचल आठवड्याच्या हिशेबातून वळती होते. नुसते बिल करणारे सॉफ्टवेअर घेतले तर उचलीची नोंद डायरीतच राहते आणि शनिवारी पुन्हा तीच वादावादी होते.

दुसरा टप्पा : एका पानावर ठरवा

ओळखीत कागद कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. पण ओळख टिकवायची असेल तर कागद हवाच. त्या एका पानावर पाच गोष्टी असाव्यात : काय करून द्यायचे, काय करायचे नाही, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कोणत्या टप्प्याला किती, आणि काम पसंत आहे हे कोण सांगणार.

यातील दुसरी आणि पाचवी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. काय करायचे नाही हे लिहिले नसेल तर मालक रोज एक नवी मागणी करतो आणि काम संपत नाही. पसंती कोणाची हे ठरले नसेल तर मोठा भाऊ हो म्हणतो, धाकटा नाही म्हणतो, आणि करून देणारा मधल्यामध्ये अडकतो.

पैशाचे तीन हप्ते करावेत असे आम्ही सुचवू. एक सुरुवातीला, एक चाचणी पार पडल्यावर, आणि शेवटचा महिनाभर काम सुरळीत चालल्यावर. शेवटचा हप्ता बाकी असला की करून देणाराही थांबतो, आणि तो आधीच ठरलेला असल्यामुळे मालकालाही पुढे घासाघीस करता येत नाही.

तिसरा टप्पा : खरेदी मालकाच्या नावाने

संगणक, प्रिंटर, राउटर, यूपीएस, सॉफ्टवेअरचा परवाना, वेबसाइटचे नाव, ईमेलचे खाते, या सर्वांची नोंद मालकाच्या किंवा त्याच्या पेढीच्या नावाने व्हावी. सोयीसाठी करून देणारा आपला मोबाइल नंबर टाकतो, आणि पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडेच जातो. त्याचा हेतू वाईट नसला तरी तो गावी गेला, आजारी पडला किंवा नंबर बदलला की धंदा अडतो.

चोरून उतरवलेले सॉफ्टवेअर वापरू नये. ते कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय त्याला सुधारणा मिळत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिला होता. ज्यांनी तो घातला नव्हता ते अडकले. विंडोज १० ची नेहमीची मदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेण्याआधी त्यावर पुढची आवृत्ती चालेल काय, हे विचारावे.

चौथा टप्पा : माहिती भरणे आणि ताळा पाहणे

सर्वांत कष्टाचे काम हेच. गिऱ्हाइकांची नावे, येणे-देणे, शिलकी माल, दर, हे सारे आत भरावे लागते. येथे आळस केला तर पुढचे सर्व फुकट जाते.

एक साधे उदाहरण सांगतो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या पेढीचा पॅन. शेवटचे अक्षर ताळ्याचे. ज्याला एवढे माहीत आहे तो भरतानाच चूक पकडतो. ज्याला माहीत नाही त्याची चूक रिटर्न भरताना उघडी पडते, आणि समोरच्या व्यापाऱ्याला कराची वजावट मिळेनाशी होते.

माहिती भरून झाली की एक महिना जुनी वही आणि नवा संगणक दोन्ही चालवावेत. रोज संध्याकाळी दोन्हीकडची विक्री, रोकड आणि शिल्लक पडताळावी. फरक आला तर त्याच दिवशी शोधावा. हा महिना जाचक वाटतो, पण वही बंद करण्याचा विश्वास येथेच मिळतो.

पाचवा टप्पा : शिकवून हवाली करा

ज्याला रोज काम करायचे आहे त्यालाच शिकवावे. मालकाला दाखवून निघून जाऊ नये. काउंटरवरच्या मुलाला बिल करणे, बिल रद्द करणे, माल परत घेणे आणि दिवसाचा हिशेब काढणे, ही चार कामे त्याच्या हातून करवून घ्यावीत. आपण करून दाखवले म्हणजे तो शिकला, असे समजू नये.

हवाली करताना एक फाइल द्यावी. त्यात सर्व परवाने, बिले, हमीपत्रे, कोणती वायर कोठे जाते याचा साधा नकाशा, आणि बंद पाकिटात पासवर्ड असावेत. ते पाकीट मालकाच्या कपाटात राहावे. करून देणाऱ्याने आपला स्वतःचा प्रवेश वेगळ्या नावाने ठेवावा, म्हणजे कोणी काय केले हे दिसते. दुकानाचा हिशेब आणि गिऱ्हाइकांचे नंबर ही अमानत आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये देशात कायदाही झाला आहे.

सहावा टप्पा : खरी परीक्षा नंतर

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला तेव्हा संगणक नसलेल्या दुकानांनीही घाईघाईने ते आणले. पण कर एकदा लागू होऊन थांबत नाही. तयार कपड्यांचेच पाहा. पूर्वी नगाची किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली. तिच्या आत ५ टक्के आणि वर १८ टक्के. म्हणजे १,८०० रुपयांच्या नगाचा कर १२ वरून ५ वर आला, आणि ३,००० च्या नगाचा १२ वरून १८ वर गेला. ज्याचा देखभाल करणारा हाकेला होता त्याच्या दुकानात हे दर वेळेवर बदलले. ज्याचा नव्हता त्याला प्रत्येक बिल हाताने दुरुस्त करण्याची पाळी आली.

देखभालीसाठी तक्रार-वही ठेवावी. तारीख, कोणी सांगितले, काय बिघडले, काय केले, किती वेळ लागला, एवढेच लिहावे. तक्रारी तीन प्रकारच्या असतात. काम बंद पडले, तर ताबडतोब धावावे. काम मंदावले, तर दोन दिवसांत पाहावे. नवीन काही हवे असेल तर ती तक्रार नाही. ते नवे काम आहे आणि त्याचे पैसे वेगळे. हा फरक वार्षिक देखभालीच्या करारात लिहिला की भांडण होत नाही.

बॅकअपचा नियम सोपा आहे. हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई-ठाण्यात तळमजल्यावरची किती दुकाने पाण्यात गेली, हे अनेकांना आठवत असेल. संगणकाशेजारीच ठेवलेली पेन ड्राइव्ह अशा वेळी संगणकाबरोबरच बुडते. शिवाय महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब पुन्हा उघडून पाहावा. जी प्रत उघडत नाही तिला प्रत म्हणता येत नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअर बदलले तरी जुना हिशेब वाचता येईल अशी सोय ठेवणे भाग आहे.

हे शिकावे कोठे?

शासकीय आयटीआयमध्ये 'कोपा' हा संगणक चालकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नायलिटची ओ-लेव्हल परीक्षा आहे. संगणकाशी पहिली ओळख एमएस-सीआयटीने होते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर प्रकल्प व्यवस्थापनाचे पाठ घरबसल्या पाहता येतात. त्याबरोबर थोडे हिशेबाचे ज्ञान हवे. जमा-नावे न समजणारा मुलगा दुकानाचे सॉफ्टवेअर सांभाळू शकणार नाही.

मात्र प्रमाणपत्राने हात बसत नाही. आपल्या कारागिरांच्या घरात उस्ताद-शागिर्दाची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शागीर्द आधी हत्यारे पुसतो, मग कच्चे काम करतो, मग उस्तादाच्या नजरेखाली पूर्ण वस्तू बनवतो. तीच रीत येथे लावावी. पहिले काम घरच्या किंवा नात्यातल्या दुकानाचे घ्यावे आणि वर सांगितलेले सहाही टप्पे वहीत लिहून पार पाडावेत. दुसरे काम कोणा अनुभवी माणसाच्या हाताखाली करावे. तिसरे स्वतःच्या जबाबदारीवर. एकाच वेळी दहा दुकाने धरण्यापेक्षा तीन दुकाने वर्षभर नीट सांभाळावीत. चौथे गिऱ्हाईक त्या तिघांच्या तोंडूनच येते. माहिती भरणे, शिकवणे, तक्रार-वही सांभाळणे ही कामे आपल्या मुलीही उत्तम करू शकतात, आणि त्यातली बरीच घरून होतात.

व्यापारी बंधूंना आमची एकच विनंती आहे. पुढच्या वेळी संगणकाचे काम द्याल तेव्हा यंत्राच्या किमतीत पाचशे रुपये कमी करून घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. पासवर्ड कोणाकडे राहणार? वहीशी ताळा किती दिवस पाहणार? आणि सहा महिन्यांनी बिघाड झाला तर कोण येणार? या तिन्हींची उत्तरे जो कागदावर लिहून देईल, त्यालाच काम द्यावे; मग तो काशीमीऱ्याच्या गाळ्यातला विशीतला पोरगा का असेना.