परदेशातील उन्हाळी संशोधन प्रशिक्षण : विद्यार्थ्याने काय आणावे, काय आणू नये

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना परदेशी प्रयोगशाळेत काही आठवडे काम करण्याची संधी आता दुर्मीळ राहिलेली नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून राहुरी व परभणी येथील कृषी विद्यापीठांचे विद्यार्थी परदेशी प्रशिक्षणास गेले. कॅनडातील मिटॅक्स ग्लोबलिंक ही १२ आठवड्यांची योजनाही भारतीय पदवी विद्यार्थ्यांची निवड करते.

अशा प्रशिक्षणात विद्यार्थ्याकडे मोठ्या प्रकल्पातील एक लहान भाग सोपविला जातो. कीटकशास्त्रात तो बहुधा कीटकांची पैदास, गणना व नोंदी यांचा असतो. काटेकोर नोंदीची ही सवय हीच खरी कमाई होय. प्रयोगशाळेतील कीटक, बियाणे वा माती मात्र सोबत आणणे सर्वथा टाळावे. त्याचे कारण एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

साबुदाणा ज्या कंदापासून तयार होतो, त्या कसाव्यावरील दक्षिण अमेरिकी पिठ्या ढेकूण २०२० मध्ये भारतात प्रथम केरळमध्ये आढळला. पुढे तमिळनाडूतील पिकाचेही त्याने मोठे नुकसान केले. आफ्रिकेत हीच कीड ॲनागायरस लोपेझी या परोपजीवी कीटकाने आटोक्यात आली होती. बेंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने २०२१ मध्ये तो बेनिन देशातून रीतसर परवानगीने आणला, विलगीकरण कक्षात तपासला आणि २०२२ मध्ये तमिळनाडूतील शेतांत सोडला. कीड परवान्याविना आली, तिचा शत्रू मात्र परवाना व तपासणी यांतून आला. विद्यार्थ्याच्या पिशवीतील एखादी कुपी यांपैकी पहिल्या वाटेने येते, हे ध्यानात ठेवावे. वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ अशा आयातीचे नियमन करतो. भारतीय नमुने संशोधनासाठी बाहेर नेण्यास जैविक विविधता अधिनियम, २००२ लागू होतो.

अर्ज करताना पुढील बाबी तपासाव्यात :

- यजमान प्राध्यापकांचे लेखी पत्र, कामाचा विषय व कालावधी.
- विद्यावेतन, विमानभाडे, निवास व आरोग्य विमा यांचा भार कोणावर, याचा स्पष्ट उल्लेख.
- प्रशिक्षणाचा काळ सत्र परीक्षा वा ग्रामीण कृषी कार्यानुभवाशी आड येतो काय.
- प्रवेशाच्या हमीसाठी कोणी शुल्क मागत असल्यास विद्यापीठाकडून खातरजमा.

परदेशी जाणे न जमल्यास हळहळण्याचे कारण नाही. बेंगळूरुची भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन विज्ञान अकादमींसह दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. तीत देशातील नामांकित संस्थांत काम करता येते.

विस्तार कार्यकर्त्यांनी परतलेल्या विद्यार्थ्याचा केवळ सत्कार करून थांबू नये. त्याला शेतकरी मेळाव्यात बोलवावे, शेताच्या बांधावर न्यावे आणि मित्रकीटक व कीड यांची गणना कशी करावी, हे प्रत्यक्ष दाखवावयास सांगावे. फवारणी करावी की थांबावे, हा निर्णय अशा गणनेवरच ठरतो.