पितळखोऱ्याचा बुटका यक्ष

कन्नडजवळच्या पितळखोरे लेण्यात सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर्ती सुमारे २००० वर्षांपूर्वीची. तोकडे हातपाय, सुटलेले पोट, डोक्यावर परात आणि चेहऱ्यावर मोकळे हसू! कान्हदास सोनाराने हाताच्या पाठीवर आपले नाव कोरले आहे. यक्ष म्हणजे कुणा रुग्णाचे चित्र नव्हे. पण घडवणाऱ्याने असे शरीर पाहिले असावे.

अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझिया या हाडांच्या विकारात हातपाय असेच आखूड राहतात. बहुतेक वेळा आईवडील सामान्य उंचीचे असतात. दोष जनुकातला, गरोदरपणी ग्रहण पाहिल्याचा नव्हे, हे गोंडपिपरीकडच्या सासवांनी ऐकावे. बुद्धी शाबूत असते, मुलाला शाळेत घालावे. झोपेत श्वास अडखळला किंवा पाय बधिर झाले तर डॉक्टरांना दाखवावे. २०१६ च्या कायद्यात बुटकेपणा अपंगत्वात धरला आहे. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयात मिळते.