ग्रासकटर चोकवरच चालतोय?
बऱ्याच दिवसांनी काढलेला ग्रासकटर चोक दिला की चालतो, चोक काढला की बंद पडतो? मग दोष बहुधा प्लगचा नाही, इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की पाणी ओढतं, कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटा बसतो.

इंजिन थंड असताना, प्लगची कॅप काढून जुनं पेट्रोल ओता. टाकीतला फिल्टर, जेट साफ करून घ्या. नवा कार्बोरेटर लगेच घेऊ नका, दुकानदार आधी तेच सुचवेल! टू-स्ट्रोक असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये पुस्तिकेतल्या प्रमाणात ऑइल हवंच. नुसत्या पेट्रोलवर पिस्टन जाम होतो, अन् तो खर्च मोठा. काळा धूर येत असेल तर मात्र आधी एअर फिल्टर बघा.