विश्लेषण : महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग गाडीत ‘अँटिफ्रीझ’ कशाला? रेडिएटरमध्ये पाणी घालावे की कूलंट?

एप्रिल-मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना कडेला बोनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी हमखास दिसते. जवळच्या टपरीवरून पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतले जाते, गाडी पुन्हा सुरू होते आणि ‘पाण्यावर भागते तर कूलंटचा खर्च कशाला’ हा समज पक्का होतो. त्यातच कूलंटच्या डब्यावर ‘अँटिफ्रीझ’, म्हणजे गोठणरोधक, असे लिहिलेले असते. आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी कुठे पडते, असा प्रश्न त्यामुळे अनेकांना पडतो. प्रश्न रास्त आहे. मात्र कूलंटचे काम केवळ गोठणे रोखण्यापुरते नाही.

कूलंट म्हणजे नेमके काय?

बहुतेक मोटारींमधील कूलंट हे पाणी आणि इथिलिन ग्लायकॉल यांचे मिश्रण असते. दोन्हींचे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे असते. त्यात गंज रोखणारी, फेस होऊ न देणारी रसायने आणि रंग मिसळलेला असतो. म्हणजे कूलंट वापरणाऱ्याच्या गाडीतही पाणी असतेच. फरक आहे तो त्यात मिसळलेल्या घटकांचा.

उष्णता शोषण्यात पाणी सरस, मग अडचण कुठे?

उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. शर्यतीच्या अनेक ट्रॅकवर तर ग्लायकॉलला मनाई असते, कारण ते सांडले की रस्ता निसरडा होतो. तिथे पाण्यात गंजरोधक मिसळून वापरतात. पण शर्यतीची गाडी वारंवार उघडून तपासली जाते. घरची गाडी वर्षानुवर्षे तेच द्रव घेऊन धावते. तिथे पाण्याच्या दोन मर्यादा उघड होतात : ते लवकर उकळते आणि धातू खाते.

उकळण्यात किती फरक पडतो?

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, निम्मे-निम्मे मिश्रण साधारण १०६-१०७ अंशांना. रेडिएटरचे झाकण यंत्रणेत दाब टिकवून ठेवते. हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक बारने जास्त असेल, तर पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांवर आणि मिश्रणाचा १२९ अंशांच्या आसपास जातो. इंजिनातील द्रवाचे तापमान एरवी ९० ते १०५ अंशांदरम्यान असते. एसी सुरू, गाडीत पाच माणसे, टपावर सामान आणि पुढे ट्रकची रांग, अशा घाटात ते आणखी वर सरकते. झाकणाचे रबर सैल झाले असेल तर दाबही टिकत नाही. अशा वेळी हे आठ-नऊ अंश महत्त्वाचे ठरतात. एकदा द्रव उकळून वाफेचे बुडबुडे झाले, की त्या जागी धातूची उष्णता वाहून नेली जात नाही. मग सिलिंडर हेड वाकते किंवा हेड गॅस्केट उडते. कूलंटचा खर्च काही शे रुपयांचा, तर हे काम हजारो रुपयांचे.

बोअरच्या पाण्याने काय होते?

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर जमतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो आणि त्या हळूहळू तुंबतात. पूर्वीच्या गाड्यांत बिडाचे इंजिन आणि तांब्या-पितळेचे रेडिएटर असत. त्यामुळे जुने चालक पाण्यावर निभावून नेत. आजच्या गाड्यांत सिलिंडर हेड आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. गंजरोधक नसेल तर ॲल्युमिनियम झिजते, वॉटर पंप खराब होतो. डिस्टिल्ड वॉटरने क्षारांचा प्रश्न सुटतो, गंजाचा सुटत नाही.

मग निव्वळ कूलंटच भरले तर?

तेही चुकीचे. कूलंट दोन प्रकारांत मिळते : थेट भरण्याजोगे तयार मिश्रण आणि पाणी मिसळून वापरायचे कॉन्सन्ट्रेट. पाणी न मिसळलेले कॉन्सन्ट्रेट उष्णता कमी वाहून नेते. शिवाय निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, तर निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. लडाख किंवा काश्मीरमध्ये हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉकही तडकवू शकते. तयार मिश्रणात मात्र वरून पाणी घालू नये.

वाटेत गाडी गरम झाली तर?

तापमानाचा काटा चढू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते. किमान अर्धा तास थांबून, इंजिन निवल्यावरच झाकण उघडावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. अशा अडचणीच्या वेळी गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी साधे पाणी चालते. नंतर मात्र गळती कुठे आहे ते शोधून, यंत्रणा धुऊन योग्य कूलंट भरून घ्यावे.

कूलंट निवडताना काय पाहावे?

हिरवा, लाल, निळा या रंगांवरून प्रकार ओळखू नये, कारण रंगांचा सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा. वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ झाल्यास गंजरोधक निकामी होऊ शकते, कधी गाळही धरतो. जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांनी, दीर्घायुषी प्रकारातील पाच वर्षांच्या आसपास बदलतात. नेमकी मुदत पुस्तिकेत असते. महिन्यातून एकदा, इंजिन गार असताना, टाकीवरील किमान-कमाल खुणांमधील पातळी पाहावी. ती वारंवार घटत असेल तर नुसती भर घालत राहू नये, गळती तपासून घ्यावी. ऑइल दुधाळ दिसले किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आला, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

आणखी एक खबरदारी : इथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नये. मुले आणि कुत्री-मांजरे त्यापासून दूर ठेवावीत.